कांदेमामाचा पाय

चार महिने झाले, कांदेमामा घरातसुद्धा मोजे घालून वावरत होता. बायकोने पहिल्या आठवड्यात विचारलं, दुसऱ्या आठवड्यात चिडवलं आणि तिसऱ्या आठवड्यात 'या वयात माणसाला काहीतरी खूळ लागतंच, दारूपेक्षा मोजे बरे' म्हणून विषय सोडून दिला. मोजे तो स्वतः धुवायचा. त्यावरून तरी तिला शंका यायला हवी होती, कारण लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी या माणसाने स्वतःचा रुमालही कधी धुतला नव्हता. उजव्या मोज्याच्या आत, करंगळीच्या बुडाशी, एक जखम होती आणि ती भरत नव्हती.

जखम झाली तीही त्याला कळली नव्हती. कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत तो परिचर. काचा पुसणं, बाटल्या भरणं, मायक्रोस्कोप मांडणं आणि झाकणं, मुलांनी फोडलेलं गोळा करणं, हे त्याचं काम. एका दुपारी फुटलेल्या स्लाइडची कपची चपलेतून वर आली आणि पायात शिरली. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले, त्यामुळे हा गृहस्थ कपची पायात घेऊन घरी चालत गेला, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी चप्पल आतून काळपट लाल दिसली तेव्हा त्याच्या छातीत धस्स झालं. दुखलं असतं तर तो इतका घाबरला नसता. दुखत नाही, हेच भयंकर होतं, कारण दादाचंही दुखलं नव्हतं.

दादा म्हणजे थोरला भाऊ. शिंपी. घराच्या खालच्या खोलीत त्याचं मशीन, वरच्या दोन खोल्यांत कांदेमामाचा संसार. दादाची बायको पूर्वीच गेलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे जेवण वरून खाली जायचं आणि शिलाई खालून वर यायची. तीन वर्षांपूर्वी मशीनच्या पायट्याला घासून दादाच्या अंगठ्याला एवढीशी जखम झाली. आधी अंगठा गेला. मग दोन बोटं गेली. मग एक दिवस डॉक्टर बाहेर येऊन गुडघ्याखाली आडवा हात धरून म्हणाले, "इथून." तो हात कांदेमामाने पाहिला होता, आणि तेव्हापासून कुणी बोलताना नुसता हात आडवा धरला तरी तो तिथून उठून जायचा. दादाच्या मशीनला आता मोटर बसवली होती. तो डाव्या पायाने बटण दाबायचा, आणि उजव्या पायाची विजार नीट घडी करून पिन लावलेली असायची. शिंप्याची घडी, तिला एक सुरकुती नाही.

"वडिलांनी जमीन ठेवली नाही, साखर तेवढी ठेवली," दादा म्हणायचा. "ती मात्र दोघांना सारखी वाटून दिली. तक्रार नाही."

हा विनोद कांदेमामाला हसवत नसे, कारण त्यामागचं शास्त्र त्याला ठाऊक होतं. चोवीस वर्षं तो प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहून तोच धडा ऐकत आला होता. मॅडम बदलल्या, फळा बदलला, धडा तोच. पेशी फुटते. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. कशासाठी? वाढण्यासाठी, झीज भरून काढण्यासाठी आणि नवा जीव जन्माला घालण्यासाठी. फुटण्याआधी पेशीच्या पोटातले धागे, म्हणजे गुणसूत्रं, दुप्पट होतात, मधोमध रांग धरतात, आणि मग सारखे वाटले जाऊन एक वाटा इकडे, एक वाटा तिकडे. फक्त नव्या जिवासाठीची पेशी बनताना ते निम्मेच दिले जातात, कारण निम्मे दुसऱ्याकडून यायचे असतात. म्हणजे बापाकडून आलेल्या निम्म्यात काय काय आलंय, हे मूल आधी बघून घेऊ शकत नाही. कांदेमामाने हे ऐकून ऐकून पाठ केलं होतं, आणि दादाचा पाय गेल्यापासून त्याला ते आपल्यालाच उद्देशून सांगितल्यासारखं वाटायचं.

त्याचं नाव पडलं ते याच धड्यामुळे. मुलांना पेशी फुटताना दाखवायची तर कांद्याच्या मुळाच्या टोकाइतकी सोपी जागा नाही. परीक्षेच्या चार दिवस आधी तो खिडकीच्या कट्ट्यावर चाळीस ग्लास मांडायचा आणि प्रत्येकाच्या तोंडावर कांदा असा बसवायचा की बूड पाण्याला नुसतं टेकावं. बुडला तर कुजतो, वर राहिला तर वाळतो. तिसऱ्या दिवशी पांढरी मुळं सुटायची. ती कापायची सकाळीच, कारण त्याच्या मते कांदा सकाळी कामसू असतो आणि दुपारी त्याचाही डोळा लागतो. टोक कापलं की ते लगेच बाटलीत टाकायचं. बाटलीत तीन भाग स्पिरिट आणि एक भाग ॲसेटिक ॲसिड. त्यात पडलं की पेशी असेल त्या अवस्थेत मरते आणि जागच्या जागी खिळून राहते. धागे रांगेत असतील तर रांगेतच, वाटणी चालू असेल तर अर्ध्या वाटणीत. मग आम्लात मऊ करायचं, लाल रंगात भिजवायचं, काचेवर ठेवून वर बारीक काच, वर टिपकागद, आणि अंगठ्याने एकदाच दाबायचं. हा दाब कुणाला शिकवून येत नाही. जोर जास्त झाला तर काच फुटते, कमी झाला तर पेशी एकमेकींवर चढून बसतात. कांदेमामाच्या अंगठ्याला सगळे शिक्षक मानायचे. शंभर पेशींत आठ-दहा फुटताना दिसल्या की तो मान हलवून म्हणायचा, "जमली."

आता असा माणूस स्वतःच्या जखमेचं काय करणार? आपला हात जगन्नाथ. त्याने सकाळ-संध्याकाळ जखमेवर स्पिरिट ओतायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत जे जे स्वच्छ ठेवायचं ते स्पिरिटने, हा चोवीस वर्षांचा धर्म. शिवाय घरात त्याची परंपराच होती. दादाच्या अंगठ्यावर पाच महिने त्यानेच स्पिरिट ओतलं होतं, खाली बसून, पाय मांडीवर घेऊन. "गार वाटतं रे," दादा म्हणायचा, आणि त्या एका शब्दासाठी कांदेमामा रोज बसायचा. दादाचा पाय तरीही गेला. म्हणजे आपण कमी पडलो, असा त्याने अर्थ लावला होता. या वेळी कमी पडायचं नाही म्हणून तो स्वतःच्या पायावर दुप्पट ओतत होता.

आणि दर रविवारी, बायको बाजारात गेली की, तो मोजा काढून मिलिमीटरची पट्टी लावायचा. पहिल्या महिन्यात सहा. मग नऊ. मग अकरा. परीक्षेच्या आदल्या रविवारी चौदा. कड पांढरी आणि जाड झाली होती, आणि मधे ओलसर राखाडी. करंगळीचा रंग त्याला आवडला नाही. तो किती वेळ पट्टी हातात धरून बसला ते त्याला कळलं नाही. जिन्यावर बायकोची पावलं वाजली तेव्हा त्याने इतक्या घाईने मोजा चढवला की टाच वर आली.

डॉक्टरकडे का गेला नाही, असं शहाण्या माणसाला वाटेल. दुखणं अंगावर काढणारी माणसं मूर्ख असतात हे खरं, पण ती बहुतेक वेळा घाबरलेली मूर्ख असतात. कांदेमामाच्या हिशेबाने डॉक्टर म्हणजे तो आडवा हात. जोवर गेला नाही, तोवर हात धरलेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. नऊला बाहेरचे परीक्षक यायचे होते. कांदेमामा साडेसहालाच प्रयोगशाळेत आला, दिवे लावले, मुळं कापली, बाटलीत टाकली. परीक्षेत 'ओळखा' म्हणून दहा मायक्रोस्कोप रांगेने मांडायचे असतात, प्रत्येकाखाली एक स्लाइड. तेही त्याने मांडले. सगळं आटोपून तो स्टुलावर बसला, आणि त्याच्या मनात एक विचार आला जो जगात दुसऱ्या कुणाच्या मनात आला नसता.

मुळाच्या टोकाशी पेशी फुटत असतात म्हणून मूळ वाढतं. जखमेच्या कडेशी पेशी फुटत असतील तर जखम भरेल. नसतील तर नाही. मग बघायचंच का नाही? बघायचं यंत्र समोर आहे, रंग समोर आहे, अंगठा आपलाच आहे.

त्याने दाराला आतून कडी घातली. मोजा काढला. नव्या ब्लेडने जखमेच्या पांढऱ्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. काही जाणवलं नाही. कांद्याला जे करतो तेच सगळं त्याने त्या तुकड्याला केलं. आम्ल, रंग, काच, टिपकागद. दाबण्याआधी अंगठा त्याने दोनदा ठेवून उचलला. चोवीस वर्षांत प्रथमच. जवळच्या, म्हणजे रांगेतल्या सातव्या मायक्रोस्कोपखालची स्लाइड काढून त्याने आपली सरकवली आणि डोळा लावला.

काही नव्हतं. नुसते चपटे, फिके पापुद्रे, एकावर एक. रांग नाही, वाटणी नाही. धागे तर सोडाच, पेशीत असतो तो केंद्रकाचा साधा ठिपकाही नाही. त्याने काच सरकवली. दुसरीकडे तेच. तिसरीकडे तेच. शंभर पेशी झाल्या, दोनशे झाल्या, एकही फुटत नव्हती. जागा बदलून त्याने आणखी एक तुकडा काढला, आणखी एक स्लाइड केली. तेच. कांद्याच्या वाळक्या टरफलातही यापेक्षा जास्त जीव असतो, असं त्याला वाटलं.

मेलाय, त्याला वाटलं. पाय मेलाय. मी मेलेल्या पायावर चालतोय.

गुडघ्याखाली आडवा धरलेला हात त्याला इतका स्पष्ट दिसला की त्याने तिथे खरंच हात लावून पाहिलं. तिथे तरी जिवंत आहे का? तिथला तुकडा काढून बघायचा का? तो ब्लेड शोधायला लागला, आणि दारावर थाप पडली.

"मामा! कडी कशाला? उघडा, परीक्षक लवकर येतायत."

मॅडमचा आवाज. त्याने मोजा चढवला, तुकडे कचऱ्यात टाकले, दार उघडलं आणि बाटल्यांच्या कपाटात डोकं खुपसलं. चोराच्या मनात चांदणं. मॅडम बिचाऱ्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या रांगेत एकेका मायक्रोस्कोपमध्ये डोकावून हातातल्या कागदावर खूण करत चालल्या होत्या. एक, बरोबर. दोन, बरोबर. कांदेमामाला आठवलं आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. ज्या पायाखाली सरकली तो पाय मेलेला होता हा भाग वेगळा.

"सात नंबरवर काय लावलंय हो?" मॅडम म्हणाल्या. "इथे परागकण हवे होते. हे काय?"

तो कपाटातून बाहेर आला नाही.

"त्वचा दिसतेय," मॅडम डोळा न काढता म्हणाल्या. "कडक झालेली. घट्ट्याची वगैरे. आणि कांद्याचा रंग कुणी दिला हिला? मामा?"

"मेलेली आहे ना?" कपाटातून आवाज आला.

"हो, मेलेलीच."

"एक पण फुटत नाहीये."

"कशी फुटेल? वरची कातडी मेलेलीच असते, मामा. तुमची, माझी, सगळ्यांची. फुटणाऱ्या पेशी खाली असतात, अगदी तळाच्या थरात. त्या फुटतात, वरच्यांना वर ढकलतात, वर येईपर्यंत त्या मरतात. अख्खं जग मेलेली कातडी पांघरून हिंडतंय. वरून खरवडून बघाल तर काय दिसणार? कांद्याच्या मुळाचं टोक सोडून तुम्ही टरफल घेतल्यासारखं झालं हे."

कांदेमामा कपाटाच्या दाराला धरून उभा राहिला. "मग खाली जिवंत असेल?"

"कुणाच्या खाली?"

त्याने उजवा पाय डाव्यामागे ओढला. मॅडमनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग स्टुलाशी पडलेलं ब्लेड पाहिलं. मग त्याच्या उजव्या मोज्यावर उमटलेला ओला डाग पाहिला.

"मामा," त्या म्हणाल्या, "बसा आणि मोजा काढा."

"परीक्षा होऊ दे, मॅडम."

"परीक्षा गेली खड्ड्यात. काढा."

त्यांनी पाहिलं, पण त्या रागावल्या नाहीत. याचीच त्याला सर्वात जास्त भीती वाटली. मग त्यांनी त्याच्याकडे घरचा नंबर मागितला. त्याने हात जोडले, "घरी नका सांगू." त्यांनी त्याच्या खिशातून फोन काढून त्यालाच दिला आणि म्हणाल्या, "लावा. माझ्यासमोर."

बायको पंधरा मिनिटांत आली. घरातल्याच साडीवर, केस न विंचरता. तिने पाय पाहिला, मोजा पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच मोजे धुवत होतात."

"अगं, तुला उगाच घोर—"

"गप्प बसा. एक शब्द बोलू नका. नाहीतर मी इथेच रडेन, आणि मला लोकांसमोर रडायचं नाहीये."

दवाखान्यात पायाच्या जखमांची खोली वेगळी होती. उंच खुर्ची, खाली पाण्याचं तसराळं, भिंतीवर पावलाचं मोठं चित्र. तिथली सिस्टर पन्नाशीची होती आणि तिच्या हातांना घाई नव्हती. कांदेमामा खुर्चीत बसला तो डोळे मिटूनच. बायको बाजूला उभी होती. तिने त्याचं मनगट धरलं होतं, पण रागाने धरलं होतं की मायेने हे त्याला कळत नव्हतं.

"ही पांढरी कड मी काढणार," सिस्टर म्हणाली. "ती जाड झाली की खालच्याला वर येता येत नाही. दुखलं तर सांगा."

"दुखणार नाही," तो म्हणाला. "काहीच दुखत नाही."

ब्लेडचा आवाज येत होता. खरवडल्याचा, बारीक, कोरडा. तो आवाज त्याच्याच पायातून येत होता आणि त्याला फक्त ऐकू येत होता.

"रक्त आलं का?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

पुन्हा आवाज. त्याने आकडे मोजायला सुरुवात केली, शंभरपर्यंत गेला, पुन्हा एकपासून सुरू केलं.

"आलं का?"

सिस्टर आणखी खाली वाकली. बायकोची मूठ घट्ट झाली. खोलीत कुठेतरी नळ गळत होता. त्याला वाटलं आता सिस्टर उठेल, बाहेर जाईल, डॉक्टरांना घेऊन येईल आणि डॉक्टर हात वर करतील. कितीवर धरतील? घोट्यावर? गुडघ्यावर? तो मनातल्या मनात घोट्यासाठी घासाघीस करायला लागला.

"आलं," सिस्टर म्हणाली. "हे बघा. सगळ्या कडेने आलं. चांगलं लालभडक आहे."

त्याने डोळे उघडले. उभ्या आयुष्यात कुणाचं रक्त पाहून त्याला इतका आनंद झाला नव्हता. तो हुंदके देऊन रडायला लागला. लोकांसमोर रडायचं नाही म्हणणारी बायकोही मग मागे राहिली नाही.

"रक्त आहे म्हणजे खाली जिवंत आहे," सिस्टर म्हणाली. "पण मला एक सांगा, चार महिने झाले, रक्त पोचतंय, तरी ही भरली कशी नाही? लावत काय होतात?"

"स्पिरिट."

"किती वेळा?"

"सकाळ-संध्याकाळ. गेला महिनाभर दुपारीही."

सिस्टरने ब्लेड खाली ठेवलं. "अहो मामा, खालून नवी पेशी येते ती पापणीसारखी नाजूक असते. एक फुटून दोन होतात न होतात तोच तुम्ही वर स्पिरिट ओतता. ती मरते. पुन्हा दुसरी येते, पुन्हा ओतता. तुमचं शरीर चार महिने रोज भरायला निघालंय आणि तुम्ही रोज त्याला मारताय. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. जखमेला मिठाचं पाणी पुरतं."

कांदेमामाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कांद्याची मुळं तो बाटलीत कशासाठी टाकतो? पेशी फुटता फुटता थांबावी म्हणून. तीच बाटली, तेच स्पिरिट. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर अज्ञान म्हणून चाललं असतं. त्याला तर हे चोवीस वर्षं माहीत होतं.

आणि मग त्याला दादा आठवला. मांडीवर घेतलेला पाय, आणि 'गार वाटतं रे'.

त्याचं रडणं एकदम थांबलं. "सिस्टर," तो म्हणाला, "माझ्या भावाच्या पायावर मी पाच महिने ओतलं होतं. त्याचा पाय गेला."

सिस्टरने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान खाली घातली.

डॉक्टर आल्यावर त्याने त्यांनाही तेच विचारलं, आपल्या पायाचं विचारायच्या आधी. डॉक्टर जुने होते, त्यांना दादाचा पाय आठवत होता. म्हणाले, त्यांच्या पायाची रक्ताची नळीच बंद पडली होती, स्पिरिट नसतं तरी बहुतेक तेच झालं असतं. कांदेमामाने त्यातला 'बहुतेक' तेवढा ऐकला. मग डॉक्टरांनी हाडाचा फोटो उजेडात धरला. पाय वाचेल, म्हणाले. करंगळीचं हाड मात्र किडलंय, ती काढावी लागेल. गुरुवारी. त्यांनी हात आडवा धरला नाही, नुसतं पेनाच्या टोकाने दाखवलं. तरी कांदेमामाने पाय मागे घेतला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आज नका सांगू दादांना. करंगळीचं होऊ दे आधी."

"आज नाही सांगितलं तर मला कधीच जमणार नाही," तो म्हणाला. खरं होतं ते. चार महिने मोजे घालून बसलेला माणूस स्वतःला ओळखून होता.

पाय टेकायचा नव्हता. तो जिन्यावर बसून दादाच्या खोलीच्या दारापर्यंत सरकला आणि तिथेच खालच्या पायरीवर थांबला. दादा कुणाच्यातरी कोटाला अस्तर लावत होता. मोटर घरघरत होती. कांदेमामाने सांगितलं. सगळं सांगितलं, मुळं, बाटली, मिठाचं पाणी, 'बहुतेक'. मधेच कधीतरी मोटर थांबली होती.

दादाने कोट घडी करून बाजूला ठेवला. बराच वेळ तो पिन लावलेल्या विजारीकडे बघत बसला.

"वर जा," तो म्हणाला.

"दादा—"

"वर जा म्हटलं ना."

मंगळवार गेला. बुधवार गेला. वरून गेलेलं ताट खालून तसंच्या तसं परत आलं, फक्त भाकरी घेतलेली. मोटर दिवसभर चालू होती, नेहमीपेक्षा जास्त, जणू दादाला शांतता नको होती. कांदेमामा वर पाय उशीवर ठेवून पडला होता आणि त्याला आता दोन गोष्टींची भीती होती. एक करंगळीची, ती गुरुवारी संपणार होती. दुसरीचा वार ठरलेला नव्हता. भूल देतात तेव्हा काही माणसं उठत नाहीत, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. दादा न बोलताच आपण गेलो तर? त्या विचाराने त्याला झोप लागेना. बायकोने दोनदा खाली जाऊन दिराशी बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ओठ घट्ट मिटून वर आली.

गुरुवारी सकाळी गाडी दाराशी आली. बायकोने त्याला धरून जिन्यावरून उतरवलं. दादाच्या खोलीचं दार बंद होतं आणि मोटर बंद होती. कांदेमामा त्या दाराकडे बघत थांबला. बायको म्हणाली, "चला, उशीर होतोय." तो गाडीकडे वळला, तर गाडीत मागच्या सीटवर दादा आधीच बसलेला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, कुबडी आडवी मांडीवर.

वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. दवाखान्याच्या बाकावर कांदेमामाच्या शेजारी बसला तेव्हाही नाही. आत घेऊन जायची ढकलखुर्ची आली, तशी कांदेमामाच्या पाचावर धारण बसली. त्याने बाकाची कड धरली आणि सोडेना. बायको म्हणाली, सिस्टर म्हणाली, तरी सोडेना.

दादाने हात पुढे केला आणि त्याची बोटं बाकावरून एकेक करून सोडवली, शिंप्याने शिवण उसवावी तशी सावकाश.

"मला राग आहे," तो म्हणाला. "अजून आहे. मला तुझ्याशी भांडायचंय, नीट, आवाज चढवून भांडायचंय. पण समोरचा दोन पायांवर उभा असल्याशिवाय मला भांडता येणार नाही. तू जाऊन ये. मी इथेच बसलोय."